दोनशे बारावा दगड

ट्रक साडेनऊलाच आला. कागदावर अकरा लिहिलेले होते. सरकारी गाडी वेळेच्या आधी येते ती काही द्यायला येत नाही, न्यायलाच येते, हे ताईचं मत, आणि ते तिने चहाचा कप खाली ठेवता ठेवता मोठ्याने सांगून टाकलं.

"आत्या, त्याला क्रेनसुद्धा आहे हो! पिवळी!" गच्चीवरून सुईदोरा ओरडली.

"मग काय करू? क्रेनला हार घालू?"

सुईदोरा म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची सून. माहेर शिंप्याचं. पाथरवटांच्या ह्या घरात ती आली त्याच दिवशी थोरल्या भावाने तिचं हे नाव ठेवलं, चिडवायला म्हणून. ती चिडली तर नाहीच, उलट अंगणाकडच्या खोलीत मशीन टाकून दारावर त्याच नावाची पाटी लावली. तेव्हापासून थोरला तिला जरा जपूनच असतो.

"चला," ताई उठली. "आपल्याच हाताने बोलावलेली पीडा आहे. सामोरं जायला हवं."

ते मात्र खरं होतं. सात वर्षं पत्रं ताईनेच लिहिली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई आता स्वस्थ बसतील अशी गावाची भाबडी आशा होती, ती तिने पहिल्याच आठवड्यात मोडली. गावात जुनी देवळं सात, आणि सातांचीही दैना. पहिल्यात कडबा भरलेला. दुसऱ्यात मोडकी सायकल आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. तिसऱ्याच्या कोरीव खांबांना दोरी बांधून कुणीतरी कपडे वाळत घालायचं, चौथ्यात बारा महिने पत्त्यांचा डाव. सहावं आणि सातवं झाडांच्या मुळांनी असं आवळलेलं की झाड कुठे संपतं नि देऊळ कुठे सुरू होतं ते कळू नये. आणि पाचवं तर उभंच नव्हतं. पाचवं म्हणजे गवतातला दोनशे अकरा दगडांचा ढीग. असायला हवे होते दोनशे बारा.

बेचाळीस वर्षांपूर्वी ह्या तिघा भावंडांच्या वडिलांनी, आबांनी, ते उतरवलं होतं. मुळांनी भिंती फोडल्या होत्या, देऊळ पडायच्या आत नीट उतरवून पुन्हा बांधायचं, असं ठरलेलं. आबांनी प्रत्येक दगडाच्या आतल्या अंगाला छिन्नीने आकडा कोरला, मांजरपाटाच्या कापडावर नकाशा काढला, मापं लिहिली. शेवटचा दगड राहिला दारावरची पट्टी, मधोमध गणपती कोरलेली. ती एका सकाळी ढिगाशेजारी नव्हती. त्या वर्षी आसपासच्या देवळांतल्या मूर्ती एकेक करून गायब होत होत्या, मोटारीतून माणसं हिंडत होती. गावाने दोन नि दोन चार केले आणि म्हटलं, पाथरवटाने पट्टी विकली. आबा हो म्हणाले नाहीत नि नाहीही म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी खाणीत दरड कोसळली, त्यात ते गेले आणि त्यांचा कामातला एकमेव जोडीदारही गेला. देऊळ राहिलं ढिगात, आणि 'विकली' तेवढं गावाच्या तोंडात राहिलं.

ताईने पत्रं लिहिली ती पाचवं पुन्हा उभं राहावं म्हणून. सात वर्षांनी उत्तर आलं ते असं, की मूळ पट्टी नसल्याने उभारणी शक्य नाही, सबब दगड शहरातल्या संग्रहालयाच्या गोदामात हलवावेत.

"गोदामात!" ताई त्या दिवशी जी कडाडली ती अजून शांत झाली नव्हती. "कडबा परवडला म्हणायचा!"

ढिगाजवळ पाहणीच्या बाई आधीच पोचल्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर टोपी, हातात फळीला लावलेले कागद. गवतात गुडघे टेकून त्या दगडांवरचे आकडे वाचत होत्या नि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत होता.

"केवढं नेटकं काम आहे हो हे! आम्ही आज करतो त्याहून चांगलं. कुणी केलं?"

"आमच्या वडिलांनी," ताई म्हणाली. "आणि तुम्ही ते गोदामात टाकणार."

बाईंचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हतं, हे ताईला तिथेच कळलं आणि त्यामुळे तिला भांडणं जास्तच अवघड झालं.

"बाई, एक पट्टीच ना? मी घडवून देतो की!" धाकटा पुढे झाला. "असाच दगड, अशीच नक्षी. फरक दाखवलात तर छिन्नी खाली ठेवेन."

"तेच तर, काका. फरक दिसला नाही तर पुढे बघणाऱ्याची फसवणूकच ना? दारावरचा दगडच आजचा असला तर त्याला जुनं देऊळ कसं म्हणायचं?" बाईंनी कागद पुढे केला. "इथे घरातल्या मोठ्यांची सही लागेल. दीड वाजता दगड भरायला घेतो."

ताईने कागद वाचला. एका रकान्यात टाइप केलेलं होतं: 'दारपट्टी – स्थानिक कुटुंबाने विकल्याचे ऐकिवात.'

"हे मरेपर्यंत राहणार का ह्या कागदावर?"

"मरेपर्यंत नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "नंतरही."

धाकट्याने तेवढ्यात बहिणीचा हात धरून तिला बाजूला घेतलं. तो गेले तीन आठवडे दादाच्या, म्हणजे थोरल्याच्या, बाजूने होता, आणि दादाचं म्हणणं एकच, न्यायचे ते दगड नेऊ द्या आणि विषय संपवा. "ताई, आता बास कर. गावातला एक दगड आपण सोडला नाही. शाळेची भिंत बघितली, विहिरीचा काठ बघितला, पुलाचे कठडे बघितले, त्या पत्तेवाल्यांना उठवून त्यांच्या बुडाखालचे दगडसुद्धा पालथे घातले. कुठे नक्षीचा नखाएवढा तुकडा नाही मिळाला. नाहीये ती."

"आबा विकणारे नव्हते."

"मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग?"

सुईदोरा पाण्याची कळशी घेऊन आली होती, ती ऐकत उभी राहिली. तिच्या डोक्यात तीन आठवडे एक गोष्ट घोळत होती, पण दगडाच्या गोष्टीत ह्या घरात तिला कोण विचारतो? आज मात्र दीड वाजता दगड जाणार होते.

"बोलू का?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे शोधताय काय, तर नक्षी."

"मग काय शोधायचं? बटणं?" धाकटा वैतागला.

"बाबा, उंची कापड आलं की आम्ही घडी कशी घालतो? चांगली बाजू आत. शिवतो तेही उलट्या बाजूने. चांगली बाजू बाहेर ठेवली तर डाग लागतात, नजरेतही येते. मोटारीतून चोर हिंडत असताना आबा काय नक्षी वर करून ठेवतील होय? मी असते तर पाठ वर केली असती. साधा दगड म्हणून कुणी ढुंकूनही बघणार नाही."

ताई तिच्याकडे वळली.

"पुन्हा म्हण."

"पाठ वर केली असती."

"ऐकलंस?" ताईने धाकट्याच्या खांद्यावर चापट मारली. "ऐकलंस का रे! अरे, आपण पाथरवट, आणि अक्कल शिंप्याकडून घ्यायची वेळ आली!"

"बरं, पण साधे दगड काय गावात दहा-वीस आहेत?"

तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडून आवाज आला. टण्ण. मग पुन्हा, टण्ण. थोरला सकाळपासून रागारागात काम करत होता. ढिगाकडे यायचं नाही म्हणून त्याने कुणाच्या तरी दाराची पायरी घडायला घेतली होती. घराच्या अंगणातल्या ओट्यावर दगड ठेवायचा आणि घडायचा, ही आबांपासूनची रीत. त्यांचा तो ओटा गावभर प्रसिद्ध. घाव पडला की घंटेसारखा वाजायचा. घरात त्याला घंटाच म्हणत. दगड किती अस्सल आहे बघा, म्हणून आल्यागेल्याला वाजवूनही दाखवत.

टण्ण.

ताईने कान टवकारले. तिला ते पन्नास वर्षांपूर्वीचं अंगण दिसलं. शिकायला आलेल्या माणसांवर आबा ओरडतायत: ओट्याखाली बोटभरही पोकळी ठेवायची नाही! माती ठासा, चुरा ठासा! पोकळ ओटा घाव परत फेकतो, हात दुखून येतो. ओटा भरीव हवा, त्याचा आवाज येता कामा नये. आणि आत्ताचा हा ओटा आबांनीच, देऊळ उतरवलं त्या साली, नव्याने घातला होता.

"धाकट्या," ती म्हणाली. "आपला ओटा वाजतो का?"

"वाजतो म्हणजे? घंटाच ती."

"ओटा वाजायला हवा का?"

धाकट्याने स्वतःचं मनगट चोळलं. बेचाळीस वर्षं त्या ओट्यावर त्याने काम केलं होतं. बेचाळीस वर्षं त्याचं मनगट दुखत आलं होतं आणि बेचाळीस वर्षं तो अभिमानाने सांगत आला होता की आमचा ओटा वाजतो.

"आई गं," तो म्हणाला.

ताई पळत सुटली. बासष्ट वर्षांची बाई, नाकावर चष्मा, पायात स्लीपर, गल्लीतून सुसाट. मागे धाकटा, त्याच्यामागे कळशी तशीच टाकून सुईदोरा, तिच्यामागे टोपी सावरत पाहणीच्या बाई. चौथ्या देवळातले पत्तेवाले हातातली पानं घेऊनच उठले.

थोरल्याला आधी पावलं ऐकू आली, मग ताई दिसली. बहीण अशी पळताना त्याने फक्त एकदा पाहिली होती. तो चौदा वर्षांचा होता, झाडावरून पडून पायाचं हाड बाहेर आलं होतं, आणि ती आबांना बोलवायला पळाली होती.

"हातोडा खाली ठेव," ताई धापा टाकत म्हणाली.

"का? ट्रक चुकला का?"

"ओट्यापासून बाजूला हो. उचलायचाय तो."

"काय डोकं फिरलंय काय!" तो उठून ओट्यासमोर आडवा उभा राहिला. डावा पाय किंचित वाकडा, नेहमीसारखा. "ओटा हलवायचा नाही. म्हाताऱ्याने सांगून ठेवलंय."

आबांना तो म्हातारा म्हणायचा. धाकट्याने लहानपणी एकदा त्याला त्यावरून विचारलं होतं, तर कानाखाली बसली होती.

"काय सांगून ठेवलंय? पूर्ण सांग."

"ओटा हलवायचा नाही."

"'मी सांगेपर्यंत ओटा हलवायचा नाही.' त्या पिंपाजवळ उभी होते मी. पहिले दोन शब्द आपण तिघांनी गिळले रे! माझ्यासुद्धा आत्ता गल्लीत लक्षात आलं."

"दादा, बघ," धाकट्याने घडीचं कापड आणलं होतं, नकाशाचं. "पट्टीची लांबी, सात विती चार बोटं. आबांच्या विती." तो वाकला आणि ओट्याच्या कडेने हात पसरत गेला. आबांचा हात जसाच्या तसा धाकट्याला आलेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एक, दोन, तीन... सात. मग त्याने चार बोटं ठेवली. चौथ्या बोटापाशी दगड संपला.

पत्तेवाल्यांपैकी कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं.

थोरला पांढरा पडला. तो बाजूला होईल असं सगळ्यांना वाटलं, पण तो उसळला.

"बस करा! पट्टी शोधताय ना? ही घ्या पट्टी!" त्याने स्वतःच्या डाव्या मांडीवर थाडकन हात मारला. "ह्या पायात आहे! ज्या महिन्यात पट्टी गेली त्याच महिन्यात माझं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवरचे लोक बोलत होते, मला झोपलेला समजून. बापाने देव विकला नि पोराचा पाय घेतला. बेचाळीस वर्षं ह्या पायावर चालतोय मी. ओट्याखाली काही निघालं नाही तर? तर एवढ्या लोकांसमोर काय सांगू? राहू दे तो. न्या ते दगड, आणा कागद, करतो सही!"

धाकट्याला रडू यायला लागलं. दादा बापावर का चिडतो ह्याचं उत्तर त्याला चोपन्नाव्या वर्षी मिळालं होतं.

ताई मात्र रडली नाही. ती चक्क संतापली.

"अरे मूर्खा! दवाखान्याच्या पायऱ्या पाहिल्यास कधी?"

"तिकडे मी पुन्हा फिरकलोच नाही."

"तरीच! चौदा पायऱ्या आहेत. जाऊन बघ एकदा. कड कशी मारली आहे बघ, हात कुणाचा ते तुला अंधारातही कळेल. डॉक्टर म्हणाले, पोराचा पाय मी बघतो, माझ्या दवाखान्याला पायऱ्या नाहीत त्या तुम्ही बघा. पुढचं वर्षभर दर रविवारी आबा कुठे जायचे वाटलं तुला? तुझा पाय पायऱ्यांनी आणलाय, पट्टीने नाही."

"तू... तू मला कधी बोलली नाहीस?"

"मला काय माहीत तुला माहीत नाही ते! तू कधी विचारलंस?"

थोरला ओट्यावर बसणार होता, सवयीने. बसता बसता थबकला आणि चटका लागल्यासारखा दूर झाला. एक क्षण त्याने दगडाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली पहार उचलली आणि कडेच्या मातीत घातली.

"बघत काय उभे राहिलात?" तो गरजला. "हात लावा!"

मग अंगणात जी धांदल उडाली ती काय सांगावी. धाकट्याने अर्धी घडलेली पायरी बाजूला ढकलली आणि दुसरी पहार घेतली. कडेचे दगड नि माती ढासळायला लागली. सुईदोरा ट्रकवाल्याला बोलवायला पळाली आणि त्याला वाटेतच सगळं सांगत, मागे मागे येणाऱ्या क्रेनला गल्लीतून वाट काढून देत परत आली. कुणाची बाजेची चौकट मध्ये आली ती दोघांनी उचलून धरली, कुणाचं तारेचं कुंपण वाकवलं. ट्रकवाल्याने पट्टे खाली सोडले तेव्हा तिने आतून गोधड्या आणून टाकल्या.

"दगडाला गोधडी?" ट्रकवाला म्हणाला.

"दगडाला नाही हो. आतल्याला. नक्षीला पट्टा लागता कामा नये, टोकांनाच बांधा."

"टोकं साधीच असणार," धाकटा पहारीवर जोर देत म्हणाला. त्याचा श्वास फुलला होता, पण बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. "ती भिंतीत जातात. म्हणून तर आबांनी टोकांवर टेकवला आणि मध्ये पोकळी ठेवली. पट्टीचा जन्मच दोन टोकांवर भार घ्यायचा. वर कितीही घाव घाला, तिला काय!"

क्रेन घरघरली. पट्टे ताणले गेले. ओटा जागचा हलेना, मग हलला, मग एकदम बोटभर उचलला गेला आणि खालून जुनी, कोंडलेली हवा बाहेर आली, गवताच्या वासाची. आबांनी पोकळीत वाळलेलं गवत भरलं होतं. ते आता भुकटी होऊन खाली पडत होतं.

"सावकाश!" पाहणीच्या बाई किंचाळल्या. सरकारी अधिकारी आहोत हे त्या साफ विसरल्या होत्या. "सावकाश, दादा, सावकाश! आता फिरवा!"

दगड हवेत वळला. भुकटीखालून आधी एक कान दिसला, सुपासारखा. मग सोंड. मग पोट. दोन्ही बाजूंना हंसांची रांग, प्रत्येकाची मान वेगळ्या दिशेला वळलेली. कुठे टवका नाही, कुठे चरा नाही. उजव्या टोकावर छिन्नीने कोरलेलं होतं: २१२.

पत्तेवाले ओरडले, सुईदोरा ओरडली, ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. "काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच का हो?" तो म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. ताई जमिनीवर बसली होती. तिने चष्मा काढला होता आणि पुसत होती, तो पुसून होतच नव्हता.

थोरला पुढे गेला. त्याने आधी पाठीवर हात फिरवला. बेचाळीस वर्षांच्या खुणा, त्याने स्वतः मारलेल्या, धाकट्याने मारलेल्या. मग पुढच्या बाजूला, गणपतीच्या पोटावर, हात ठेवला.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात," तो म्हणाला. तो हसत होता. "हा बिचारा देव झाल्यावरही सोसत बसला."

"एकटा तोच नाही," ताई खालूनच म्हणाली. "चोर म्हणवून घेतलं त्यांनी. नाही म्हटलं असतं तर लोकांनी शोधलं असतं, लोकांनी शोधलं असतं तर त्या मोटारवाल्यांना मिळालं असतं. दगड हलवायला जोडीदार घेतला असेल तेवढाच, बाकी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तेव्हा सांगू म्हणाले असतील."

थोरल्याने मान हलवली.

पाहणीच्या बाईंनी नाक पुसलं, टोपी नीट केली आणि पुन्हा अधिकारी झाल्या. "ट्रक रिकामा जाईल," त्यांनी जाहीर केलं. "बाकीचे दगड इथेच राहतील. पट्टी आहे म्हटल्यावर उभारणीचा प्रस्ताव आजच लिहिते. काम मात्र तुम्हालाच करावं लागेल, हे आकडे दुसऱ्या कुणाला लागायचे नाहीत." त्यांनी कागदावरचा तो रकाना काढला आणि 'विकल्याचे ऐकिवात' ह्यावर जाड रेघ मारली. एकदा मारून समाधान झालं नाही, म्हणून दुसऱ्यांदा मारली. "आता इथे लिहायचं काय? 'सापडली' लिहू? कुणाला सापडली?"

"हिला," ताईने सुईदोऱ्याकडे बोट केलं.

"छे, आत्यांना," सुईदोरा म्हणाली. "मी फक्त घडीचं बोलले."

"एकाचंच नाव बसेल हो त्यात," बाई म्हणाल्या.

थोरला अजून तसाच उभा होता, हात दगडावर. त्याने मागे न बघता म्हटलं, "बाई, सापडली लिहू नका. सापडायला हरवावी लागते."

"मग काय लिहू?"

त्याने पहिल्यांदा पूर्ण वळून सगळ्यांकडे पाहिलं, गावाकडे, धाकट्याकडे, ताईकडे.

"लिहा," तो म्हणाला, "आबांनी ठेवली होती."